यांत्रिक व्हेप : सुरक्षेचा सारा भार वापरणाऱ्यावर

ई-सिगारेट म्हटले, की लुकलुकणारा दिवा आणि छोटा पडदा असलेले उपकरण डोळ्यांसमोर येते. त्याच कुळातील एक प्रकार मात्र यापासून पूर्णपणे निराळा आहे. त्याला 'यांत्रिक व्हेप' आणि वापरणाऱ्यांच्या बोलीत 'मेक मॉड' म्हणतात. धातूची नळी, तिच्या पोटात लिथियम-आयन सेल, बुडाशी दाबायचे बटण आणि माथ्यावर तारेचे वेटोळे व कापसाची वात, एवढाच त्याचा संसार. जुन्या टॉर्चची रचना याहून फार वेगळी नव्हती. फरक आहे तो विजेच्या प्रमाणात. टॉर्चच्या बल्बमधून जेमतेम अर्धा अँपिअर धारा वाहते, तर येथे ती सहज वीस अँपिअरच्या घरात जाते.

नेहमीच्या ई-सिगारेटमध्ये एक इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. तारेचा रोध फार कमी असेल, सेल उलटा बसला असेल, बटण दाबलेलेच राहिले असेल, तर ती वीजपुरवठा तोडते. यांत्रिक उपकरणात ही पट्टीच नसते. त्यामुळे तिने करावयाचे प्रत्येक काम वापरणाऱ्याला स्वतःच्या ज्ञानावर करावे लागते. नवख्याने या प्रकाराने सुरुवात करू नये, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने. आणि तो सल्ला रास्त आहे.

धोका काल्पनिक नाही. मे २०१८मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग येथे अशाच उपकरणाचा स्फोट होऊन एका तरुणाचा मृत्यू झाला. उडालेले तुकडे त्याच्या डोक्यात घुसले होते. जानेवारी २०१९मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे आणखी एक तरुण व्हेपच्या स्फोटात मानेची रक्तवाहिनी तुटून दगावला. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील १९५ घटनांची नोंद केली. त्यांत सर्व प्रकारच्या ई-सिगारेटी आहेत. यांपैकी ६१ घटनांत उपकरण वा सुटा सेल केवळ खिशात होता. म्हणजे अपघात व्हायला उपकरण तोंडाशी असावेच लागते, असे नाही.

यात बहुधा '१८६५०' या क्रमांकाचा सेल वापरतात. व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून हे नाव. या सेलविषयी एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते. त्याचे ऋण टोक केवळ बुडाशी नसते. सेलची संपूर्ण धातूची भिंत, अगदी वरच्या काठापर्यंत, ऋणच असते. धन टोक म्हणजे माथ्यावरची लहानशी टोपी. ती टोपी आणि भोवतालचा काठ यांच्यात असते ती फक्त एक पातळ चकती आणि प्लॅस्टिकचे आवरण. हे आवरण फाटले, की भिंत नळीला टेकून बटण न दाबताही तार तापू लागते. ते माथ्याजवळ फाटले वा चकती निसटली, तर शॉर्टसर्किट व्हायला वेळ लागत नाही. आवरणाला नखाएवढी चीर पडली तरी तो सेल वापरू नये; नवे आवरण काही रुपयांत मिळते.

यानंतर येते गणित. ते शाळेतलेच आहे : विभवांतर भागिले रोध, बरोबर धारा. पूर्ण भारित सेलचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. तारेचा रोध ०.५ ओहम असेल तर धारा ८.४ अँपिअर, ०.२ ओहम केला तर २१, ०.१ ओहमवर ती ४२ अँपिअर होते. या आकाराचे चांगले सेल सलग १० ते ३० अँपिअर, क्वचित थोडी अधिक धारा पेलतात. आवरणावर मोठे आकडे छापणारे अनेक असतात. ते बहुधा क्षणभराच्या धारेचे असतात आणि काही निव्वळ खोटे. दोन सेल एकापुढे एक लावले तर विभवांतर ८.४ व्होल्ट होते, आणि त्याच तारेतून दुप्पट धारा वाहते. नवख्याने ०.५ ओहमच्या खाली न जाणे आणि एकाच सेलवर थांबणे शहाणपणाचे.

हा रोध अंदाजाने कळत नाही. साध्या मल्टिमीटरचाही येथे उपयोग नाही, कारण त्याच्या तारांचाच रोध मोजमापात मिसळतो. त्यासाठी खास ओहममापक मिळतो. नवे वेटोळे बसवले, की प्रत्येक वेळी मोजायचे. तारेचे कापलेले टोक धातूच्या बैठकीला टेकले, तर आकडा शून्याकडे घसरतो.

सेल उतरत जातो तशी वाफही पातळ होते. तेव्हा मोह होतो तो रोध आणखी कमी करून वाफ वाढवण्याचा. अनेक अनर्थांचे मूळ येथे आहे. वाफ मंदावणे ही या उपकरणाची एकमेव सूचना आहे. ३.४ व्होल्टच्या आसपास सेल काढून भारित करणे, हेच तिचे उत्तर.

वरचा भाग सेलच्या टोपीवर थेट टेकणाऱ्या 'हायब्रिड' रचनेत आणखी एक सापळा आहे. वरच्या भागाची मधली पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल, तर भोवतालचे आटे टोपीला टेकतात आणि बटण दाबताच शॉर्टसर्किट होते. अशा वेळी सेलमधून शंभराहून अधिक अँपिअर धारा वाहू शकते. तो तापतो, आतील रसायने स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात आणि दाबाखालचा वायू बाहेर येतो. नळीला वायू जाण्याची छिद्रे नसतील, तर तिची बंदुकीची नळी होते. छिद्रे असलेलीच नळी घ्यावी, ती स्वच्छ ठेवावी, आणि बटण अडकवून ठेवणारी कडी प्रत्येक वापरानंतर लावावी.

सुटे सेल नाणी वा किल्ल्यांसोबत खिशात कधीही ठेवू नयेत. त्यासाठी प्लॅस्टिकची डबी असते. जुन्या लॅपटॉपमधून काढून नव्या आवरणात विकले जाणारे सेलही टाळावेत. एलजी, सॅमसंग आणि पूर्वी सेल बनवणारी सोनी या कंपन्यांनी तर सुटे सेल ई-सिगारेटसाठी वापरूच नयेत, असे बजावलेले आहे.

वाफेतील निकोटिनचे व्यसन हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. सेल सुरक्षित असल्याने तो सुटत नाही. भारतात तर हा व्यवहारच बंद आहे. सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे, मग त्यात निकोटिन असो वा नसो. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड वा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड.

ब्रिटन वा अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या हाती मात्र ही नळी कायदेशीरपणे येऊ शकते. सुट्टीत घरी येताना ती सोबत आणता येणार नाही. इतर देशांदरम्यानच्या विमानप्रवासातही ती सामानकक्षात देता येत नाही, हा नियम २०१५पासून आहे. हातातील बॅगेत नेताना सेल काढून डबीत ठेवलेला असावा, आणि विमानात तो भारित करण्यास मनाई आहे.