नाणं पडलं का?

या दिवाळीत दातिवऱ्याला जाताना सफाळ्यापर्यंत लोकलमध्ये एक भलंमोठं खोकं सांभाळत गेलो. आत सबवूफर होता. बाबांनी १९७६ साली मुंबईला मिनर्व्हात ‘शोले’ पाहिला होता. सत्तर एमएमचा पडदा, सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज. जय नाणं उडवतो तेव्हा ते आपल्याच पायाशी पडल्यासारखं वाटायचं, लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हटलं, बाबांना घरातच मिनर्व्हा करून देऊ.

पहिल्या रात्री फजिती झाली. सबवूफर कोपऱ्यात ठेवला आणि आवाजाचं बटण चांगलं पिळलं. गाडीवरचा दरोडा सुरू झाला तशी मांडणीवरची भांडी थरथरायला लागली. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, "काय पडलं का रे?" बाबा मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेले. म्हणाले, "आवाज खूप आहे. पण बोलतायत काय ते?"

तर ही धडधड घरात आली कुठून? राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा लाउडस्पीकर १९२५ मध्ये मांडला. खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून पेट्याही अवाढव्य असत. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी पेटी हवाबंद करून आतल्या हवेचीच स्प्रिंग केली आणि लहान पेटीतून खोल आवाज काढला. १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ सिनेमासाठी सेन्सराउंड आलं. त्या घरघरीने गिलावा पडेल म्हणून हॉलिवुडच्या एका प्रसिद्ध थिएटरात छताखाली चक्क जाळी बांधली होती! १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, आणि पुढे डीव्हीडीतून ते ‘५.१’ घरोघरी पोचलं. त्यातला ‘.१’ म्हणजे फक्त १२० हर्ट्झच्या खालचा वेगळा ट्रॅक.

गंमत म्हणजे मुळात हा सगळा आवाज हजार माणसांच्या थिएटरसाठी केलेला. आमची पडवीलगतची खोली बारा फुटांची. एवढ्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. कोपऱ्यात ठेवलं की असे सगळेच घुमणारे स्वर जास्तीत जास्त उठतात. शिवाय फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून माणूस बेस वाढवतो, मग सिनेमाचा आवाज वाढवतो, आणि बेस कमी करायचं विसरतो. मी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शहाणपणा सुचला. सबवूफर उचलून बाबांच्या खुर्चीवर ठेवला, एक गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेने मी रांगत सुटलो. जिथे बेस गच्च पण स्वच्छ ऐकू येईल तीच त्याची जागा. आईने विचारलं, "काय हरवलंय?" जागा सापडली कपाटाशेजारी, कोपऱ्यापासून तीनेक हात दूर. मग त्याला फक्त ८० हर्ट्झच्या खालचं काम दिलं. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही. फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहिलं, जिकडे भरीव वाटलं तिकडे ठेवलं. शेवटी आवाज इतका उतरवला की चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावरच चुकल्यासारखं वाटावं.

पण खरी गोष्ट मला तेव्हा उमगली. वय झालं की कान आधी वरचे स्वर सोडतो. स, श, त, क ही व्यंजनं त्या वरच्या टापूतली, आणि शब्द ओळखायचे ते त्यांच्यावरून. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. म्हणजे बाबांना जे थोडंफार ऐकू येत होतं तेही मी माझ्या हौसेपायी बुजवून टाकलं होतं. वर त्यांनाच म्हटलं होतं, "अहो, तुम्हाला ऐकूच कमी येतं!"

त्या रात्री परत शोले लावला. मांडणी गप्प होती. मध्येच बाबा हसले, मौसीचा संवाद त्यांना कळला होता. नाणं उडालं. मला खणखणीत ऐकू आलं. बाबांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "पडलं का?"

म्हटलं, "पडलं, बाबा. तुमच्या पायाशीच."

ते खुर्चीखाली वाकले नाहीत. नुसते हसले.