अब्बांच्या पेनची निब

अब्बांच्या पश्चात त्यांचे पेन आमच्याकडे आले. काळ्या एबोनाइटचे, ड्रॉपरने शाई भरायचे. कंपनीचे नाव कधीच पुसून गेलेले. अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळेचे दप्तर मराठीत आणि नातेवाइकांना पत्रे उर्दूत, दोन्ही याच पेनने लिहीत. एके दिवशी आमच्या हातून ते फरशीवर पडले, नेमके तोंडावर. निबेचे एक पाते मोडले. नवी निब बसवली की काम झाले, असे आम्ही समजलो. त्या निबेने आम्हाला दोन वर्षे फिरवले आणि लेखणीचा बराच इतिहास वाचायला लावला.

शाई पोटात बाळगणारी लेखणी ही युरोप-अमेरिकेची देणगी, असेच आपण धरून चालतो. परंतु फातिमी दरबारातील काझी नोमान यांनी दहाव्या शतकातच एक नोंद करून ठेवली आहे. खलिफा अल-मुइझ (कारकीर्द ९५३ ते ९७५) यांना हात व कपडे न डागाळणारी कलम हवी होती. कारागिराने ती सोन्यात घडवून दिली. शाई आत राही, उलटी धरली तरी सांडत नसे, लिहू लागले की झरे. ती कलम पुढे जनसामान्यांत आली नाही. कातिबांच्या हाती बोरूच राहिला. बोरूचे एक सुख होते. टोक झिजले की चाकूने छाटायचे, नवा कत लावायचा आणि लिहायला बसायचे. टोकासाठी बाजार धुंडाळावा लागत नसे.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा यंत्रावर निघू लागल्या. तिथे राबणारे बहुतेक हात बायकांचे होते. या टाकाच्या निबा स्वस्त, बिघडली की फेकून द्यायच्या. शाईच्या पेनचे मात्र तसे नव्हते. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनला ज्या पेनचे पेटंट मिळाले, त्यात निबेखालच्या जिभेला बारीक खाचा होत्या. त्यांतून शाई खाली उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते. अशा पेनची निब सदैव शाईत भिजलेली, आणि त्या काळच्या शाया आम्लधर्मी. साधे पोलाद त्यात गंजून जाई. म्हणून चौदा कॅरेट सोने आले. सोने मऊ, म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण जोडू लागले. निब म्हणजे छोटासा दागिनाच झाला. पुढे १९३८च्या सुमारास जर्मनीत निबांसाठी सोने वापरायला बंदी आली, तेव्हा पेलिकनसारख्या कंपन्यांनी न गंजणाऱ्या पोलादाच्या निबा काढल्या.

सोन्याची ही गोष्ट आम्हाला मुंबईच्या चोर बाजारात नीट उमगली. जुनी पेने पुष्कळ दिसली. टोपण होते, नळी होती, जीभही होती, निब तेवढी नव्हती. सोन्याचा भाव चढला की निबा उपटून मुशीत घालायच्या, हे जगभर चालत आले आहे. लोकांनी पेने जपली नाहीत असे आपण म्हणतो, पण गरजेच्या वेळी घरातले सोने कोण मोडत नाही?

आपल्याकडे राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवले. ते कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोचले. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून आभाराचे पत्र लिहिले आणि बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो, असे कळवले. एबोनाइटची नळी लेथवर कातता येते. खरी कसोटी निबेची. आजही आपल्याकडे हाताने कातलेल्या कित्येक पेनांना गिऱ्हाईक जर्मन निब मागतो.

आमची पहिली चूक नंबरावर विश्वास ठेवण्याची. पाच नंबर, सहा नंबर असे निबेवर असते, पण प्रत्येक कारखान्याचा नंबर वेगळा. जिभेची जाडी, निबेची लांबी आणि तिचा बाक मोजूनच जावे. दुसरी चूक याहून वाईट. घट्ट बसलेली जीभ सुटावी म्हणून आम्ही पेनचे तोंड कढत पाण्यात धरले. जीभ सुटली, पण काळे एबोनाइट कायमचे तपकिरी पडले. 

शेवटी एका म्हाताऱ्या पेन दुरुस्त करणाऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात मापाची पोलादी निब निघाली. बसवण्यापूर्वी त्याने मोडकी निब भिंगाखाली धरली आणि विचारले, “कोण लिहायचं यानं? टोक दोन्ही बाजूंनी झिजलंय.”

आम्ही म्हटले, “वडील. उर्दू आणि मराठी.”

“नवीन तशीच घासून देऊ?”

आम्ही नको म्हणालो. आमचे शिक्षण मराठी शाळेत झाले; उर्दू कानावर आहे, हातात नाही. त्याने पात्यांची पातळी तेवढी जुळवली आणि टोक बारीक पॉलिश कागदावर फिरवून दिले.

पेन आता रोजच्या वापरात आहे. अक्षर थोडे जाड उमटते. मोडकी निब कागदाच्या पुडीत बांधून अब्बांच्या शेवटच्या पत्राबरोबर ठेवली आहे. ते पत्र उर्दूत आहे आणि कुणाकडून तरी वाचून घ्यायचे राहून गेले आहे.