डिझेल पिकअपचा हीटर थंड का? गोष्ट कांदिवलीपासून कसारा घाटापर्यंत

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

एक चित्र डोळ्यासमोर आणा. डिसेंबरची पहाट, चार वाजलेत. नाशिकहून भाजी भरून निघालेली डिझेल पिकअप कसारा घाट उतरतेय. बाहेर धुकं आहे आणि काचेवर आतूनही वाफ धरलीय. ड्रायव्हरने हीटर फुल केलाय, ब्लोअर घोंघावतोय, पण हवा येते ती कोमट. बिचारा एका हाताने फडकं फिरवतोय, दुसऱ्या हाताने वळण घेतोय. अशा वेळी हीटर ही चैन राहत नाही. समोरचा रस्ता दिसणार की नाही, हे त्याच्यावर ठरतं.

तुम्ही म्हणाल, मुंबईत हीटर लावतं कोण? बरोबर आहे! आणि अर्धं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आकुर्ली रोडचं इंजिन

कांदिवली पूर्वेला, आकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना आहे. कंपनीने विलीस जीपची जुळणी 1949 मध्ये माझगावला सुरू केली. पुढे 1963 मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी झाली आणि 1965 पासून बी-275 ट्रॅक्टर तयार होऊ लागले. कांदिवलीची ट्रॅक्टरशी ओळख जुळली ती तेव्हापासून.

जीप मुळात लढाईसाठी बनलेली. वर ताडपत्रीचं हूड, बाजूंनी वारा, इंजिन पेट्रोलचं. हीटरचा विचारच नव्हता. मग 1973 चं तेलसंकट आलं, पेट्रोल परवडेना. तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं, तेही ट्रॅक्टरच्या घराण्यातलं! 1980 च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजो कंपनीचं एक्सडीपी डिझेल इंजिन बनू लागलं. म्हणजे ज्या घाटमाथ्यावर आपली पिकअप गारठते, तिथेच डिझेल इंजिनं घडत होती. गंमत आहे ना?

डिझेल कंजूस आहे

गाडीच्या हीटरला स्वतःची शेगडी नसते. इंजिन थंड ठेवणारं जे गरम पाणी असतं, त्यातलं थोडं डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. अमेरिकेच्या नॅश कंपनीने 1938 मध्ये बाहेरची ताजी हवा अशी तापवून आत सोडणारी गाडी विकायला काढली. आजचे हीटर त्याच वाटेने चालतात. थोडक्यात, हीटर जगतो तो इंजिनाने वाया घालवलेल्या उष्णतेवर.

आणि डिझेल वाया घालवतं कमी. 1897 मध्ये ऑग्सबुर्ग इथे रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी 26.2 टक्के उष्णतेचं त्याने काम करून दाखवलं. त्या काळची वाफेची इंजिनं दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. शिवाय डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं, तरी सिलिंडरमध्ये भरपूर हवा येते आणि डिझेल मात्र थेंबभर जळतं. घाट उतरताना गिअरमध्ये गाडी सोडली की तेही जवळजवळ बंद. म्हणून चढावर गरम असलेला हीटर उतारावर गार पडतो. थंड देशांतल्या कित्येक डिझेल गाड्यांना म्हणूनच जोडीला इलेक्ट्रिक किंवा डिझेलवर जळणारा वेगळा हीटर देतात.

मग बिघाड आहे की स्वभाव?

थोडा कमीपणा डिझेलचा स्वभाव समजा. पण अर्धा तास गाडी चालवूनही हवा कोमटच येत असेल, तर उष्णता कुठे अडते ते शोधायचं.

आधी इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, पाणी उसळून अंगावर येतं. पातळी कमी असेल तर हीटरपर्यंत पाणी पोचतच नाही. मग गळती शोधायची, नुसतं वरून भरून चालत नाही. डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा अडकलीय.

मग टेंपरेचरचा काटा बघा. तो खालीच राहतोय? तर संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन तापेपर्यंत, साधारण 80 अंशांच्या पुढे जाईपर्यंत, हा व्हॉल्व्ह पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा पाइप हळूहळू कोमट होऊ लागला, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. किंवा तिथे नाहीच! आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची जुनी सवय आहे. मुंबईच्या उन्हात ते खपून जातं, घाटात मात्र अंगाशी येतं. शिवाय गार इंजिन डिझेल जास्त खातं.

काटा मधोमध आहे? मग हीटरकडे जाणारे दोन पाइप जपून चाचपा. पंखा-बेल्टपासून हात लांब ठेवा.

दोन्ही चांगले गरम: उष्णता पोचतेय, अडलीय हवा. झडप, तिची केबल किंवा चोंदलेला फिल्टर बघा.

एक गरम, एक गार: हीटरचा कॉक नीट उघडत नाही, किंवा छोटा रेडिएटर तुंबलाय. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं की आत गंज आणि क्षार साचतात.

दोन्ही कोमट: पाणी फिरत नाही. वॉटर पंप किंवा अडकलेली हवा.

एवढं तपासून मगच गॅरेजला जा. नाहीतर दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खा डॅशबोर्ड उघडला जातो.

गरम शहरात आपण ज्या वस्तू बिनकामाच्या म्हणून काढून फेकल्या, त्यांची किंमत घाटात कळते. तेव्हा मंडळी, घरात कुणी पिकअप चालवत असेल तर आज एकच विचारा: थर्मोस्टॅट जागेवर आहे ना?

भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा!