दाताच्या नावावर

डिकेमालीचा वास एकदा बोटांना लागला की साबणानंही लवकर जात नाही. जंगलातल्या एका झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर हा पिवळसर हिरवा डिंक जमतो. खामगावातल्या आमच्या काष्ठौषधीच्या दुकानात तो आजोबांच्या वेळेपासून आहे आणि त्याचं गिऱ्हाईक तेव्हापासून बहुतेक एकाच कामासाठी येतं. "काका, लेकराले दात येऊन रायले, डिकेमाली द्या." घाटाखालच्या नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडची बाई असो की घाटावरच्या चिखली-मेहकरची, बोलीत फरक पडतो, मागणी तीच असते. कडेवर सहा-आठ महिन्यांचं बाळ असतं. लाळेनं अंगडं भिजलेलं, मूठ तोंडात कोंबलेली.

या मागणीमागचा इतिहास आमच्या धंद्याचा आहे, तसाच वऱ्हाडातल्या बायांच्या कष्टांचाही आहे. दात येणं ही प्रत्येक लेकराच्या वाट्याची साधी गोष्ट. पण तिच्या नावावर गेल्या दोनशे वर्षांत लेकरांच्या पोटात काय काय गेलं, हे आजच्या आईला कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

पहिली येते ती घरची गुटी. बाळाची आंघोळ झाली की आजी सहाण घेऊन बसायची. आईच्या दुधात एकेक जिन्नस उगाळायचा. हिरडा, बेहडा, मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा. पुढे बाळानं बाळसं धरलं की खारीक आणि बदाम. प्रत्येकाचे वळसे ठरलेले. जायफळाचा हात आखडता ठेवायचा, कारण जास्त झालं तर गुंगी येते, हे म्हाताऱ्या बायांना पक्कं ठाऊक होतं. दात यायच्या दिवसांत अतिविष आणि काकडशिंगीचे वळसे वाढायचे आणि डिकेमाली उगाळून पोटावर, हिरड्यांवर पातळ लावायची. अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा आणि पिंपळी या चौघांच्या चूर्णाला वैद्य बालचातुर्भद्र म्हणतात. लेकराचा ताप, खोकला, उलटी, जुलाब यांवर ते शतकानुशतकं दिलं गेलं. या सगळ्यात औषधाइतकंच मोल दुसऱ्या एका गोष्टीचं होतं. गुटी देणारी बाई रोज बाळाचं तोंड उघडून पाहायची, पोट चाचपायची. कालच्यापेक्षा आज काय बदललं, हे तिच्या नजरेतून सुटत नसे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनीही या विषयाकडे बारकाईनं पाहिलं आहे. काश्यपसंहितेत दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळात सापडलेल्या तिच्या खंडित पोथीवरून 1938 मध्ये ती छापून निघाली. चौथ्या महिन्यात आलेले दात दुबळे, आठव्या महिन्यातले उत्तम, असं तीत म्हटलं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात उत्तरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात दात येणं हे बाळाच्या सगळ्या रोगांचं कारण ठरवलं आहे. मांजराची पाठ मोडताना, मोराला तुरा फुटताना आणि बाळाला दात येताना अंगाचा कुठलाच भाग दुखायचा राहत नाही, असा दाखलाही तो देतो. मात्र त्याच ठिकाणी तो सांगतो की या त्रासात बाळाला पथ्या-औषधांनी फार जखडू नये. दात वर आले की हे विकार आपोआप शमतात.

वाग्भटाच्या या सांगण्यातला पहिला अर्धा भाग लोकांनी घट्ट धरला. ताप आला, दात येताहेत. जुलाब लागले, दात येताहेत. लेकरू सुकत चाललं, दात येताहेत. दुसरा अर्धा भाग, म्हणजे औषधाचा हात आवरण्याचा, मागे पडला. तो का मागे पडला, हे समजायला आमच्याच मुलखातली कापसाची गोष्ट सांगावी लागते.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना इथल्या कापसाची गरज पडली. मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाणारा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचला. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव फाट्याचं उद्घाटन केलं. खामगाव कापसाची मोठी पेठ झालं, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पेठेचं वैभव सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे. पण कापूस वेचत होत्या बाया, आणि त्यातल्या कितीतरी लेकुरवाळ्या होत्या. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की बांधावरच्या झाडाला झोळी बांधायची, लेकरू त्यात टाकायचं आणि ओळ धरायची. सहा महिन्यांचं, दाताच्या त्रासानं किरकिरणारं लेकरू झोळीत किती वेळ राहणार? मजुरी तर वेचलेल्या वजनावर.

तिथे अफू आली. 1878 च्या अफू कायद्याप्रमाणे ती परवान्याच्या दुकानात मिळत असे. मोहरीएवढी अफू बोटावर घेऊन चाटवली की लेकरू दिवसभर निपचित, असं आजोबा सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. अफूमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून जुलाब थांबल्यासारखे वाटतात. ती वेदना दाबते, म्हणून हिरडी दुखायची थांबते. ती भूकही मारते, म्हणून लेकरू दूध मागत नाही. आईला वाटे, दाताचं औषध लागू पडलं. प्रत्यक्षात लेकरू उपाशी राहून वाळत जायचं, आणि मात्रा थोडी चुकली तर झोपेतच जायचं.

हे वऱ्हाडापुरतं नव्हतं. 1893 मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे हिंदुस्थानात तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीबद्दल साक्षी झाल्या. मुंबईत डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरनं 1922 मध्ये गिरणी कामगार बायांच्या स्थितीचा अहवाल दिला. या बायांच्या 98 टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यात नोंदवलेलं आहे. तिथे तिला बाळगोळी म्हणत. नाव बाळाचं होतं, गरज कारखान्याच्या भोंग्याची होती. औषधाव्यतिरिक्तची अफूविक्री आपल्या देशात टप्प्याटप्प्यानं कमी होत 1959 मध्ये बंद झाली.

आपल्या बाया अडाणी होत्या म्हणून हे घडलं, असं कुणी समजू नये. इंग्लंड-वेल्समध्ये 1839 या एका वर्षात पाच हजारांवर मृत्यू ‘दात येणं’ या कारणाखाली नोंदले गेले. तिथले डॉक्टर बाळाच्या हिरड्या शस्त्रानं चिरत आणि ही रीत तीनशे वर्षं चालली. अमेरिकेत 1849 पासून मिसेस विन्स्लोचं सरबत दाताचं औषध म्हणून विकलं गेलं, त्यात मॉर्फिन होतं. इंग्लंडातल्या दाताच्या पुड्यांमध्ये रसकापरासारखा पाऱ्याचा क्षार, कॅलोमेल, असे. त्या खाणाऱ्या मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, मुलं उजेडाला भीत. हा आजार पाऱ्यानं होतो हे 1948 मध्ये पुढे आलं, 1954 मध्ये पुड्यांतून पारा काढला गेला, आणि थोड्याच वर्षांत आजार दिसेनासा झाला. 1851 मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं काढलेलं ग्राइप वॉटर आपल्याकडे घराघरांत पोचलं. त्याच्या मूळ पाकात साखर होती आणि मद्यार्कही होता.

मग दात येताना लेकरू आजारी पडतं, हे आपल्या आज्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं होतं का? पाहिलेलं खरंच होतं, कारण मात्र वेगळं होतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून पोटात असताना मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती ओसरते. त्याच वेळी उष्टावण होतं, वरचं अन्न आणि पाणी सुरू होतं. लेकरू रांगायला लागतं, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. आणि त्याच दिवसांत पहिला दात डोकावतो. तीन-चार गोष्टी एकत्र घडतात, त्यात डोळ्यांना दिसतो तो दात. म्हणून आळ त्याच्यावर येतो. पूर्णेच्या खोऱ्यात आमचा खारपाण पट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याच्या कित्येक गावांत विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे गोडं पाणी लांबून आणून साठवायचं. साठवलेल्या पाण्यात हात बुडाला, वाटी बुडाली की जुलाब आलेच. त्याचा दाताशी काही संबंध नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये 125 मुलांच्या आईवडिलांकडून रोजच्या रोज नोंदी ठेवून घेतलेला एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. दात हिरडीबाहेर यायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढ्या काळात चावणं, लाळ, हिरड्या चोळणं, किरकिर, कान चोळणं, चेहऱ्यावर पुरळ, खाणं कमी होणं आणि अंग किंचित कोमट होणं वाढलेलं दिसलं. जोराचा ताप, खोकला, उलटी, जुलाब यांचा दाताशी संबंध दिसला नाही.

आमच्याकडे अजून एक काळजी घेऊन आज्या येतात. वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं मानतात. बहुतेक बाळांना खालचे मधले दोन दात आधी येतात, काहींना वरचे. त्यात दोष नाही. कुणाला चौथ्या महिन्यात येतात, कुणाला वर्ष भरल्यावर. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात येऊन जातात. मामाचं खरं काम आनंदाचं आहे. खामगावची चांदी नावाजलेली, म्हणून उष्टावणाला मामा इथूनच चांदीची वाटी-चमचा घेऊन जातो. तो गार चमचा धुऊन बाळाच्या हिरडीवर टेकवला तर बाळाला बरं वाटतं, हे मात्र मी आवर्जून सांगतो. घुंगरू लावलेली चोखणी नको, घुंगरू सुटून घशात अडकतं.

आता दाताचं औषध मागणाऱ्या बाईला मी आधी विचारतो, ताप आहे का, शी पातळ आहे का, लघवी होते का? काखेत थर्मामीटर लावून 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप असेल, तर तो दाताचा समजू नका, दवाखान्यात न्या. जुलाब असतील तर अंगणवाडीतून किंवा उपकेंद्रातून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घ्या. पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध तोडू नका. नुसती लाळ आणि किरकिर असेल तर हात स्वच्छ धुऊन बोटानं हिरडी हळुवार चोळा. ओलं फडकं गार करून चावायला द्या, गोठवू नका. हनुवटीवरची लाळ टिपत राहा म्हणजे पुरळ येणार नाही. मध एक वर्षापर्यंत चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो. हिरडीवर टाकणखार नको. बधिर करणारी मलमं नकोत. रात्री फारच रडलं तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे.

औषधाच्या दुकानदारानं औषध नको म्हणावं, याचं काही गिऱ्हाइकांना नवल वाटतं. पण दाताच्या औषधांचा हा इतिहास बघितला की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या आईला बाळाजवळ बसायला वेळ होता, तिच्या हाती सहाण होती. जिला तो नव्हता, तिच्या हाती अफू आली. दाताच्या दिवसांत बाळाला कडेवर घेणारं माणूस लागतं आणि ते माणूस मजुरी करणाऱ्या आईला आजही मिळत नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यातही कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याचं कलम घातलं गेलं. कापसाच्या शेतात मात्र झाडाची झोळी तशीच आहे. वेचणीच्या तीन-चार महिन्यांत प्रत्येक गावात एक सावलीची जागा, प्यायचं स्वच्छ पाणी आणि लेकरं सांभाळणारी एक पगारी बाई एवढं ग्रामपंचायतींनी केलं, तर ते दाताचं सगळ्यात चांगलं औषध ठरेल. ते आमच्या दुकानात मिळत नाही. ते गावानंच द्यायचं आहे.