शब्दवेध : ग्वानीन

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ म्हणजे ग्वानीन. या भारदस्त नावाचं मूळ चक्क विष्ठेत आहे. पेरूच्या क्वेचुआ भाषेत ‘वानु’ म्हणजे शेणखत. स्पॅनिशांनी त्याचं ‘ग्वानो’ केलं. पेरूजवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचले होते. एकोणिसाव्या शतकात तेच खत म्हणून जहाजं भरभरून युरोपात गेलं. १८४०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ उंगर यांना त्यात एक नवा पदार्थ सापडला आणि त्याला ‘ग्वानीन’ हे नाव मिळालं.

आपलं शरीर ग्वानीन स्वतः तयार करतं. मोडताना त्याचं आधी झँथीन आणि मग युरिक ॲसिड होतं. बहुतेक सस्तन प्राणी युरिक ॲसिडही पुढे मोडतात. माणसाकडे त्यासाठीचं विकर (एन्झाइम) उरलेलं नाही. म्हणून रक्तात युरिक ॲसिड फार वाढलं, की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचतात. तोच गाउट.

मात्र सगळं ग्वानीन मोडीत जात नाही. एचजीपीआरटी नावाचं विकर बरंचसं पुन्हा वापरात आणतं. या विकराचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. तो जन्मतः निकामी असेल तर लेश-नायहान हा दुर्मीळ आजार होतो, बहुधा मुलग्यांना. १९६४ साली त्याचं वर्णन झालं. यात युरिक ॲसिड तर वाढतंच, शिवाय मूल स्वतःचे ओठ नि बोटं चावतं. ॲलोप्युरिनॉल या औषधाने युरिक ॲसिड आटोक्यात येतं. चावणं मात्र त्याने थांबत नाही.