तळटीप : ‘बियास’चे कमांडर

* मुख्य मजकुरात ‘बियासचे कमांडर’ असा जो उल्लेख आला आहे, तो लक्ष्मीनारायण रामदास यांचा. जन्म १९३३, मुंबईत माटुंग्याला. पुढे १९९० ते १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते.

१९७१च्या डिसेंबरात ‘बियास’ ही फ्रिगेट ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसोबत पूर्व ताफ्यात होती. ४ डिसेंबरला ‘विक्रांत’वरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या वाचकाला या युद्धातले रणगाडे आठवतात, नाकेबंदी सहसा आठवत नाही. पण पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्रातून ना कुमक मिळाली, ना निसटायला वाट. १६ डिसेंबरच्या शरणागतीत या नाकेबंदीचा वाटा मोठा आहे. त्या कामगिरीसाठी रामदास यांना वीरचक्र मिळाले.

निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ भायमळा इथे राहिले. ज्या देशाविरुद्ध लढले, त्याच देशातल्या नागरिकांशी संवादासाठी त्यांनी पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम या संघटनेत काम केले. २००४चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांना एकत्र मिळाला. लेखकाने या भागाला दोनच वाक्ये दिली आहेत. संपादकाच्या मते तो युद्धाइतकाच महत्त्वाचा आहे.

पुढे ते आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. मार्च २०१५ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. मार्च २०२४ मध्ये हैदराबादला त्यांचे निधन झाले.