आशेरीची देवी आणि मुकुटाचा दगड

पोर्तुगीज अमदानीचा माग काढावयाचा म्हटले की आपली पावले आपसूक किनाऱ्याकडे वळतात: वसई, केळवे, शिरगाव, तारापूर. डोंगरातल्या आशेरीगडाचे नाव सहसा कोणाच्या ओठी येत नाही. मनोरजवळच्या मस्तान नाक्यावरून अहमदाबादच्या दिशेने गेले की खोडकोना गाव लागते. तेथून आम्ही गडाची वाट धरली, ती माथ्यावरील आशेरीदेवीचे ठाणे पाहण्यासाठी.

वाट रानातून चढत खिंडीत येते. येथे लाकडावर कोरलेला वाघदेव उभा आहे. ही आदिवासी बांधवांची रानातली राखण. खिंडीच्या वर कातळातल्या पायऱ्या, पडक्या दरवाजाच्या खुणा आणि तेथेच मुकुट कोरलेला, पोर्तुगीज राजचिन्हाचा दगड आम्हास दिसला. त्या राजचिन्हातील पाच लहान ढाली म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमांची आठवण, अशी पोर्तुगालची परंपरा सांगते. उपवासकाळात क्रूसाच्या वाटेवर आपण ज्या जखमांचे चिंतन करतो, त्यांचीच खूण येथे सत्तेची मोहोर होऊन दरवाजावर बसली होती. हे पचविणे सोपे नाही.

इ. स. १५५६ मध्ये पोर्तुगीजांनी हा गड घेतला. उत्तरेच्या मुलखावरील पहारा हे एक कारण. दुसरे, आणि आमच्या मते अधिक खरे, म्हणजे साग. भोवतालच्या रानातले सागवान जहाजबांधणीस हवे होते. ते वृक्ष कोणी तोडले, ओंडके खाडीपर्यंत कोणी ओढले? इतिहासाच्या पुस्तकांत कप्तान भेटतात, हे लोक भेटत नाहीत. पुढे वसईच्या मोहिमेत गड मराठ्यांकडे आला. मे १७३९ मध्ये वसईही पडली. १८१८ मध्ये इंग्रज आले.

माथ्यावर पाण्याची खोदीव टाकी आहेत आणि एक गुहा. तिच्यातच देवीचे ठाणे. शिखर नाही, सभामंडप नाही. दहा-पंधरा माणसे दाटीने बसतील एवढीच जागा. (मोठ्या देवळाच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होईल, आमची झाली नाही.)

उतरताना त्या दगडाविषयी आमच्यात बराच वाद झाला. तो संग्रहालयात हलवावा, असे काहींचे म्हणणे. बहुमत मात्र असे की तो गडावरच राहावा, पावसापासून आडोसा करून. आणि शेजारी पाटी लावलीच, तर तिच्यावर राजाच्या आधी सागाचा व तो वाहणाऱ्यांचा उल्लेख असावा.